काळजीचे कर्तव्य

काळजीचे कर्तव्य ही अपकृत्यांच्या कायद्यातील एक मूलभूत संकल्पना आहे. आपल्या कृतीमुळे किंवा अकृतीमुळे ज्यांना इजा पोहोचण्याचा संभव वाजवी माणसाला आधी ओळखता येतो, अशा व्यक्तींबाबत योग्य ती काळजी घेण्याचे कायद्याने घातलेले बंधन म्हणजे काळजीचे कर्तव्य होय. इंग्रजी कायद्यात यास ‘ड्यूटी ऑफ केअर’ असे म्हणतात. हे कर्तव्य अस्तित्वात होते, त्याचा भंग झाला आणि त्या भंगामुळेच हानी झाली, हे सिद्ध झाल्यावर निष्काळजीपणाबद्दलचे दिवाणी दायित्व निर्माण होते.

एखाद्याला इजा झाली, एवढ्यावरून कोणीही नुकसानभरपाई देण्यास बांधील होत नाही. इजा करणारा बेफिकीर होता हे दाखवणेही पुरेसे नसते. तो नेमका या जखमी व्यक्तीच्या बाबतीत काळजी घेण्यास बांधील होता काय, हा प्रश्न आधी सोडवावा लागतो. अपघाताचे नुकसान ज्याचे त्याने सोसावे की दुसऱ्यावर टाकावे, याचा निर्णय बहुधा या पहिल्या प्रश्नापाशीच होतो. म्हणून काळजीच्या कर्तव्याचा इतिहास हा प्रामुख्याने कायद्याने कोणाकोणाला या संरक्षणाच्या कक्षेत घेतले व कोणाला बाहेर ठेवले, याचा इतिहास आहे.

ही संकल्पना इंग्लंड व स्कॉटलंडमधील न्यायनिर्णयांतून विकसित झाली. भारत, ऑस्ट्रेलिया, कॅनडा, न्यूझीलंड इत्यादी देशांच्या न्यायालयांनी ती आपापल्या परिस्थितीनुसार स्वीकारली आहे.

दायित्वाचे घटक

निष्काळजीपणाच्या दाव्यात वादीला साधारणपणे पुढील बाबी सिद्ध कराव्या लागतात.

१. कर्तव्य : प्रतिवादीवर वादीच्या संदर्भात काळजी घेण्याचे कायदेशीर कर्तव्य होते.
२. भंग : प्रतिवादीने त्या परिस्थितीत अपेक्षित असलेल्या प्रमाणात काळजी घेतली नाही.
३. कार्यकारणभाव : भंग झाला नसता तर हानी झाली नसती.
४. हानी : वादीला प्रत्यक्ष नुकसान सोसावे लागले आणि ते कायद्याच्या दृष्टीने अतिदूरचे नाही.

हे घटक व्यवहारात एकमेकांत मिसळलेले असतात. धोक्याची पूर्वकल्पना येण्याजोगी होती काय, हा प्रश्न कर्तव्य, भंग आणि दूरत्व या तिन्ही टप्प्यांवर निरनिराळ्या स्वरूपात विचारला जातो. कर्तव्य ठरवताना वादीसारख्या व्यक्तीला इजा होण्याचा संभव पाहिला जातो, भंग ठरवताना धोका किती होता हे पाहिले जाते आणि दूरत्व ठरवताना घडलेल्या हानीचा प्रकार पाहिला जातो.

ऐतिहासिक विकास

एकोणिसावे शतक

इंग्लंडमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात निष्काळजीपणाबद्दलचे दायित्व विशिष्ट नात्यांपुरते मर्यादित होते. प्रवासी व वाहतूकदार, पाहुणा व खाणावळवाला, रुग्ण व शल्यवैद्य अशा ठरावीक जोड्यांत कायदा कर्तव्य मान्य करी. त्यापलीकडे दोन पक्षांत करार असेल तरच काळजीची अपेक्षा धरली जाई. विंटरबॉटम विरुद्ध राइट (१८४२) या खटल्यात टपालगाडी मोडून तिचा गाडीवान जखमी झाला. गाड्या पुरवण्याचा व सुस्थितीत ठेवण्याचा करार प्रतिवादीने पोस्टमास्टर जनरलशी केला होता, गाडीवानाशी नव्हे. या कारणावरून दावा फेटाळण्यात आला. त्रयस्थांना दावे करू दिले तर दाव्यांना अंतच राहणार नाही, ही भीती न्यायाधीशांनी त्या वेळी व्यक्त केली. तीच भीती पुढे या विषयातील अनेक निर्णयांत डोकावते.

काळजीचे प्रमाण कोणते असावे, याची चर्चा याच काळात सुरू झाली. वॉन विरुद्ध मेनलव्ह (१८३७) या खटल्यात प्रतिवादीने रचलेल्या गवताच्या गंजीने पेट घेतला आणि शेजारच्याची घरे जळाली. आपण आपल्या बुद्धीप्रमाणे वागलो, हा त्याचा बचाव न्यायालयाने अमान्य केला व सामान्य समंजस माणसाची कसोटी लावली. ब्लाइथ विरुद्ध बर्मिंगहॅम वॉटरवर्क्स (१८५६) या खटल्यात निष्काळजीपणाची व्याख्या करण्यात आली : वाजवी माणूस जे करील ते न करणे, किंवा तो जे करणार नाही ते करणे.

सर्व नात्यांना लागू पडेल असे एक व्यापक तत्त्व मांडण्याचा पहिला ठळक प्रयत्न हेवन विरुद्ध पेंडर (१८८३) या खटल्यात न्यायमूर्ती ब्रेट यांनी केला; परंतु त्यांच्या सहकाऱ्यांनी ते मान्य केले नाही. अमेरिकेत मॅकफर्सन विरुद्ध ब्यूक मोटर कंपनी (१९१६) या खटल्यात न्यायमूर्ती बेंजामिन कार्डोझो यांनी, मोटारीचे सदोष लाकडी चाक मोडून जखमी झालेल्या ग्राहकाला थेट उत्पादकाकडून भरपाई मागता येईल, असा निर्णय दिला. ती मोटार ग्राहकाने विक्रेत्याकडून घेतली होती व उत्पादकाशी त्याचा करार नव्हता.

डॉनह्यू विरुद्ध स्टीव्हन्सन

आधुनिक कायद्याचा पाया डॉनह्यू विरुद्ध स्टीव्हन्सन (१९३२) या स्कॉटिश खटल्यात घातला गेला. २६ ऑगस्ट १९२८ रोजी मे डॉनह्यू ही महिला ग्लासगोजवळील पेझली या गावातील एका कॅफेत मैत्रिणीबरोबर गेली. मैत्रिणीने तिच्यासाठी जिंजर बिअर व आइस्क्रीम मागवले. बाटली गडद रंगाच्या अपारदर्शक काचेची होती. थोडे पेय पिऊन झाल्यावर मैत्रिणीने उरलेले पेय ओतले, तेव्हा त्यातून कुजलेली गोगलगाय बाहेर पडली, असे डॉनह्यू यांचे म्हणणे होते. मानसिक धक्का व पोटाचा विकार यांबद्दल त्यांनी पेयाचे उत्पादक डेव्हिड स्टीव्हन्सन यांच्याकडे ५०० पौंडांची मागणी केली.

पेयाचे पैसे मैत्रिणीने दिले असल्यामुळे डॉनह्यू यांचा कॅफेमालकाशीही करार नव्हता, उत्पादकाशी तर नव्हताच. शिवाय सदोष पेयांबाबतचे अशाच स्वरूपाचे दावे स्कॉटलंडच्या न्यायालयाने थोड्याच काळापूर्वी फेटाळले होते. त्यांत बाटलीत मेलेला उंदीर आढळल्याची तक्रार होती. स्कॉटलंडमधील अपील न्यायालयाने डॉनह्यू यांच्याविरुद्ध निर्णय दिल्यावर प्रकरण लंडनमधील हाउस ऑफ लॉर्ड्सकडे गेले. खर्च झेपण्याइतकी ऐपत नसल्यामुळे त्यांना निर्धन पक्षकार म्हणून अपील चालवण्याची परवानगी मिळाली.

२६ मे १९३२ रोजी तीन विरुद्ध दोन अशा बहुमताने निर्णय डॉनह्यू यांच्या बाजूने लागला. बहुमतात लॉर्ड ॲटकिन, लॉर्ड थँकर्टन व लॉर्ड मॅकमिलन होते, तर लॉर्ड बकमास्टर व लॉर्ड टॉमलिन यांनी विरोधी मत नोंदवले. ग्राहकापर्यंत पोहोचेपर्यंत ज्या मालाची तपासणी होण्याची वाजवी शक्यता नाही, असा माल बाजारात आणणाऱ्या उत्पादकावर ग्राहकाबाबत काळजी घेण्याचे कर्तव्य आहे, असे ठरले.

लॉर्ड ॲटकिन यांनी मांडलेले व्यापक सूत्र ‘शेजारी तत्त्व’ म्हणून ओळखले जाते. शेजाऱ्यावर प्रेम करावे, या बायबलमधील आज्ञेचे त्यांनी शेजाऱ्याला इजा करू नये, अशा मर्यादित कायदेशीर नियमात रूपांतर केले. आपण एखादी कृती करताना, तिचा ज्यांच्यावर इतका निकट आणि थेट परिणाम होईल की त्यांचा विचार आपल्या मनात असणे वाजवी ठरते, ते सर्व कायद्याच्या दृष्टीने आपले शेजारी होत. येथे शेजार घराचा किंवा जागेचा नाही, परिणामाचा आहे.

हा निर्णय केवळ कायद्याच्या मुद्द्यावर होता : सांगितलेली हकिकत खरी धरली तर दावा चालेल काय, एवढेच हाउस ऑफ लॉर्ड्सपुढे होते. त्यानंतर प्रकरण तडजोडीने मिटले. त्यामुळे बाटलीत गोगलगाय खरोखरच होती की नव्हती, हे कोणत्याही न्यायालयात कधीच सिद्ध झाले नाही.

नंतरच्या कसोट्या

शेजारी तत्त्वाची व्याप्ती पुढील चार दशकांत वाढत गेली. हेडली बर्न विरुद्ध हेलर (१९६३) या प्रकरणात विश्वासाने मागितलेली माहिती निष्काळजीपणे दिल्यास त्यातून होणाऱ्या आर्थिक हानीबद्दलही दायित्व येऊ शकते, असे मान्य झाले. बँकेने जबाबदारी नाकारणारी अट घातलेली असल्यामुळे त्या खटल्यात मात्र ती सुटली. होम ऑफिस विरुद्ध डॉर्सेट यॉट (१९७०) या खटल्यात बालगुन्हेगारांवर देखरेख ठेवणाऱ्या अधिकाऱ्यांच्या दुर्लक्षामुळे मुले पळाली आणि त्यांनी जवळच्या नौकेचे नुकसान केले. त्याबद्दल शासनावर कर्तव्य येऊ शकते, असे ठरले.

अॅन्स विरुद्ध मर्टन (१९७७) या निर्णयात दोन टप्प्यांची कसोटी मांडली गेली. प्रथम निकटता व पूर्वकल्पनेवरून कर्तव्य गृहीत धरावे, आणि नंतर ते नाकारण्याजोगे धोरणात्मक कारण आहे काय, हे पाहावे. या कसोटीमुळे दायित्वाची व्याप्ती फार वाढते, अशी टीका झाली व मर्फी विरुद्ध ब्रेंटवुड (१९९०) या प्रकरणात अॅन्सचा निर्णय रद्दबातल ठरवण्यात आला.

त्याच वर्षीच्या कपारो विरुद्ध डिकमन या निर्णयातून तीन निकषांची कसोटी रूढ झाली : हानीची पूर्वकल्पना, दोन पक्षांतील निकटता, आणि कर्तव्य लादणे न्याय्य, रास्त व वाजवी असणे. कंपनीच्या लेखापरीक्षकांचे कर्तव्य समभाग खरेदी करू पाहणाऱ्या प्रत्येक गुंतवणूकदारापर्यंत पोहोचत नाही, असा निष्कर्ष त्या खटल्यात निघाला. रॉबिन्सन विरुद्ध वेस्ट यॉर्कशायर पोलीस (२०१८) या खटल्यात ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की ही कसोटी प्रत्येक प्रकरणात नव्याने लावायची नसून प्रस्थापित प्रकारांत पूर्वनिर्णयांनुसारच जावे, आणि नव्या प्रकारांत त्यांच्याशी साम्य पाहत कायदा हळूहळू पुढे न्यावा.

कर्तव्याच्या सीमा

काही प्रकारच्या हानीबाबत न्यायालये कर्तव्य मान्य करताना विशेष सावध असतात.

अकृती : दुसऱ्याला धोक्यातून वाचवण्याचे सर्वसाधारण कर्तव्य इंग्रजी कायदा मानत नाही. बुडणाऱ्या परक्या माणसाला काठावरून पाहत राहणारा नैतिकदृष्ट्या दोषी असला, तरी केवळ तेवढ्यावरून तो भरपाई देण्यास पात्र होत नाही. पालक, शिक्षक, तुरुंगाधिकारी, रुग्णालय अशांनी जबाबदारी स्वीकारलेली असल्यास, किंवा धोका स्वतःच निर्माण केलेला असल्यास स्थिती बदलते.

निव्वळ आर्थिक हानी : शरीराला किंवा मालमत्तेला इजा न होता केवळ नफा बुडाला, तर सहसा भरपाई मिळत नाही. हेडली बर्नसारखे विश्वासाचे नाते हा त्यास अपवाद आहे.

मानसिक आघात : दुसऱ्याचा अपघात पाहून झालेल्या मानसिक विकाराबद्दलचे नियम काटेकोर आहेत. १९८९ च्या हिल्सबरो क्रीडांगण दुर्घटनेतून उद्भवलेल्या अल्कॉक (१९९१) खटल्यात, मृताशी प्रेमाचे निकट नाते, घटनेशी स्थळकाळाची जवळीक आणि घटना स्वतः पाहणे किंवा ऐकणे या अटी घालण्यात आल्या. दूरचित्रवाणीवर दृश्य पाहणाऱ्या नातलगांचे दावे अमान्य झाले.

काळजीचे प्रमाण

कर्तव्य मान्य झाल्यावर त्याचा भंग झाला काय, हे वाजवी माणसाच्या कसोटीवर ठरते. ही कसोटी वस्तुनिष्ठ आहे. नेटलशिप विरुद्ध वेस्टन (१९७१) या निर्णयानुसार मोटार चालवायला शिकणाऱ्या नवख्याकडूनही सक्षम चालकाइतकीच काळजी अपेक्षित असते. रस्त्यावरील माणसाला चालकाच्या अनुभवाशी कर्तव्य नसते.

किती काळजी पुरेशी, हे धोक्याची शक्यता, संभाव्य इजेचे गांभीर्य, धोका टाळण्याचा खर्च आणि कृतीची सामाजिक उपयुक्तता यांवर अवलंबून असते. बोल्टन विरुद्ध स्टोन (१९५१) या खटल्यात क्रिकेटच्या मैदानातून टोलवलेला चेंडू कुंपणापलीकडील रस्त्यावर उभ्या असलेल्या महिलेला लागला. अनेक वर्षांत चेंडू मोजक्याच वेळा रस्त्यावर गेला होता. धोका इतका अल्प असताना क्लबने अधिक उपाय न योजणे म्हणजे निष्काळजीपणा नव्हे, असा निर्णय झाला. याउलट पॅरिस विरुद्ध स्टेपनी (१९५०) या खटल्यात एकाच डोळ्याने दिसणाऱ्या कामगाराला संरक्षक चष्मा न देणारा मालक जबाबदार ठरला. इजेची शक्यता इतर कामगारांइतकीच असली, तरी या कामगाराच्या बाबतीत तिचा परिणाम पूर्ण अंधत्व हा होता.

व्यावसायिकांसाठी त्या व्यवसायातील सर्वसाधारण कुशल व्यक्तीचे प्रमाण लावले जाते. बोलम (१९५७) निर्णयानुसार, जाणकार डॉक्टरांच्या एका जबाबदार गटाला मान्य असलेली पद्धत अवलंबणारा डॉक्टर, दुसऱ्या गटाचे मत वेगळे असले तरी निष्काळजी ठरत नाही. अशा मताला तर्कशुद्ध आधार असला पाहिजे, अशी जोड बोलिथो (१९९७) निर्णयाने दिली. उपचारांतील धोके रुग्णाला सांगण्याच्या बाबतीत मात्र माँटगोमेरी (२०१५) निर्णयाने बोलम कसोटी बाजूला ठेवली व रुग्णाला काय जाणून घेणे महत्त्वाचे वाटेल, यास प्राधान्य दिले.

कार्यकारणभाव आणि दूरत्व

भंग सिद्ध झाला तरी हानी त्यामुळेच झाली, हे दाखवावे लागते. बार्नेट विरुद्ध चेल्सी रुग्णालय (१९६८) या प्रकरणात चहा प्यायल्यानंतर उलट्या होऊ लागलेल्या पहारेकऱ्याला डॉक्टरने न तपासताच परत पाठवले आणि तो दगावला. चहात आर्सेनिक होते. डॉक्टरचा निष्काळजीपणा मान्य झाला. परंतु वेळेवर तपासले असते तरी तो वाचला नसता, असे दिसून आल्यामुळे दावा फेटाळला गेला.

द वॅगन माउंड (१९६१) या सिडनी बंदरातील तेलगळतीच्या प्रकरणात प्रिव्ही कौन्सिलने ठरवले की ज्या प्रकारच्या हानीची वाजवी पूर्वकल्पना येऊ शकते, तेवढ्याच हानीबद्दल दायित्व असते. इजेचा प्रकार अपेक्षित असेल, तर वादीच्या नाजूक प्रकृतीमुळे ती अधिक गंभीर झाली, हा बचाव मात्र चालत नाही.

बचाव

प्रतिवादीला पुढील मुख्य बचाव उपलब्ध असतात. वादीची स्वतःचीही चूक असल्यास तिला अंशदायी निष्काळजीपणा म्हणतात व त्या प्रमाणात भरपाई कमी होते. वादीने धोका पूर्णपणे जाणून स्वेच्छेने पत्करला असल्यास दावा चालत नाही; पण मालकाने दिलेले धोक्याचे काम नाइलाजाने करणारा कामगार धोका पत्करतो, असे सहसा मानले जात नाही. दैवी आपत्ती, त्रयस्थाची स्वतंत्र कृती आणि मुदतबाह्य दावा हेही बचाव मांडता येतात.

भारतातील कायदा

आधार

भारतात अपकृत्यांचा कायदा संहिताबद्ध नाही. ब्रिटिश काळापासून न्यायालये ‘न्याय, समन्याय व सदसद्विवेक’ या तत्त्वाच्या आधारे इंग्रजी कायद्यातील नियम भारतीय परिस्थितीला जुळतील तेवढे लागू करत आली आहेत. प्राणघातक अपघात अधिनियम, १८५५ नुसार मृताच्या पती किंवा पत्नीला, आईवडिलांना व मुलांना भरपाईचा दावा करता येतो. दिवाणी दाव्यात मागितलेल्या रकमेनुसार न्यायालय शुल्क द्यावे लागते आणि निकालास दीर्घ काळ लागतो. त्यामुळे मोटार अपघात न्यायाधिकरण, ग्राहक आयोग व उच्च न्यायालयातील रिट याचिका हे मार्ग अधिक वापरले जातात.

वैद्यकीय निष्काळजीपणा

या विषयातील पायाभूत निर्णय महाराष्ट्रातील आहे. १९५३ साली कोकणच्या किनाऱ्यावर झालेल्या अपघातात एका तरुणाच्या मांडीचे हाड मोडले. त्याला पुण्यात शल्यचिकित्सकाकडे आणण्यात आले. तेथे भूल न देता, जोर लावून हाड बसवण्यात आले व धक्क्याने त्याचा मृत्यू झाला, असे न्यायालयात सिद्ध झाले. डॉ. लक्ष्मण बाळकृष्ण जोशी विरुद्ध डॉ. त्र्यंबक बापू गोडबोले या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या प्रकरणात १९६८ साली सर्वोच्च न्यायालयाने मृताच्या पालकांना मिळालेली ३,००० रुपयांची भरपाई कायम केली. रुग्णाला उपचारासाठी घ्यावे की नाही हे ठरवताना, कोणता उपचार करावा हे ठरवताना आणि तो उपचार प्रत्यक्ष करताना, अशा तीन टप्प्यांवर डॉक्टरवर काळजीचे कर्तव्य असते, असे न्यायालयाने सांगितले.

अच्युतराव हरिभाऊ खोडवा विरुद्ध महाराष्ट्र राज्य (१९९६) हे प्रकरण औरंगाबाद, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगर येथील सरकारी रुग्णालयातील होते. १९६३ साली प्रसूतीनंतरच्या संततिनियमन शस्त्रक्रियेत महिलेच्या पोटात टॉवेल राहून गेला आणि तिचा मृत्यू झाला. पोटात टॉवेल राहणे ही बाब स्वतःच निष्काळजीपणा दर्शवते; नेमका कोणता कर्मचारी चुकला हे कुटुंबाने दाखवण्याची गरज नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले. रुग्णालय चालवणे हे शासनाचे सार्वभौम कार्य नसल्यामुळे राज्यावर प्रातिनिधिक दायित्व आले. मृत्यूपासून अंतिम निर्णयापर्यंत ३२ वर्षे गेली होती.

इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता (१९९५) या निर्णयाने सशुल्क वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत आणली. सर्व रुग्णांना पूर्णपणे मोफत सेवा देणारी रुग्णालये त्यातून वगळली गेली. कोलकात्यातील एका उपचाराशी संबंधित प्रकरणात २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने सुमारे ६ कोटी रुपयांची भरपाई मंजूर केली.

महापालिका आणि शासन

दिल्ली महापालिका विरुद्ध सुभगवंती (१९६६) हे प्रकरण चांदणी चौकातील घड्याळाच्या मनोऱ्याचे आहे. १९५१ साली तो कोसळून काही जण मृत्युमुखी पडले. मनोरा सुमारे ८० वर्षांचा होता आणि त्याच्या बांधकामाचे अपेक्षित आयुर्मान ४० ते ४५ वर्षांचे होते. रस्त्यालगतच्या इमारतीची वेळोवेळी तपासणी करणे हे मालकाचे कर्तव्य असून दोष लपलेला होता, हा बचाव चालणार नाही, असे न्यायालयाने ठरवले. याउलट राजकोट महापालिका विरुद्ध मंजुलबेन नकुम (१९९७) या प्रकरणात रस्त्याकडेचे झाड अचानक कोसळून पादचारी दगावला, तरी महापालिकेवर दायित्व टाकण्यास न्यायालयाने नकार दिला. दोन्ही प्रकरणांत मृत व्यक्ती रस्त्यावरून जाणारी होती. फरक धोक्याच्या पूर्वकल्पनेत व नियंत्रणात शोधला गेला.

उपहार चित्रपटगृहाच्या आगीत १३ जून १९९७ रोजी ५९ जणांचा मृत्यू झाला. २०११ च्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने चित्रपटगृहाचे परवानाधारक व वीज मंडळ यांना भरपाईस जबाबदार धरले; परवाना देणारे प्राधिकरण व महापालिका यांना मात्र वगळले. परवाना देताना किंवा तपासणी करताना झालेल्या हयगयीबद्दल सार्वजनिक संस्थांना कितपत जबाबदार धरावे, हा वाद या निर्णयाने पुढे आणला.

शासनाच्या दायित्वाबाबत राजस्थान राज्य विरुद्ध विद्यावती (१९६२) या खटल्यात सरकारी जीपच्या अपघाताबद्दल राज्य जबाबदार ठरले, तर कस्तुरीलाल (१९६५) खटल्यात पोलिसांनी जप्त केलेल्या सोन्याबाबत सार्वभौम कार्याचा बचाव मान्य झाला. नागेंद्र राव (१९९४) निर्णयाने या बचावाची व्याप्ती बरीच कमी केली. मूलभूत हक्कांचा भंग झाल्यास असा बचाव उपलब्धच नसतो, हे निलाबती बेहेरा (१९९३) या कोठडीतील मृत्यूच्या प्रकरणात स्पष्ट झाले.

या घटनात्मक मार्गाचा महाराष्ट्रातील ठळक उपयोग रस्त्यांच्या बाबतीत झाला. मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ नुसार सार्वजनिक रस्ते सुस्थितीत ठेवणे हे महापालिकेचे बंधनकारक कर्तव्य आहे. २०१५ साली मुंबई उच्च न्यायालयाने खड्डेमुक्त, सुस्थितीतील रस्ते हा संविधानाच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचा भाग असल्याचे सांगितले. त्याच जनहित याचिकेत ऑक्टोबर २०२५ मध्ये न्यायालयाने खड्डे व उघडी मॅनहोल यांमुळे होणाऱ्या मृत्यूसाठी ६ लाख रुपये आणि इजेसाठी गांभीर्यानुसार ५० हजार ते अडीच लाख रुपये भरपाई देण्याचे निर्देश दिले.

दोषाविना दायित्व

काही क्षेत्रांत भारतीय कायद्याने काळजीच्या कर्तव्याची चौकटच ओलांडली आहे. दिल्लीतील १९८५ च्या ओलियम वायुगळतीनंतर एम. सी. मेहता विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात, घातक उद्योग चालवणाऱ्याने कितीही काळजी घेतलेली असली तरी तो भरपाईस पूर्णपणे बांधील असतो, असे पूर्ण दायित्वाचे तत्त्व मांडले गेले. मध्य प्रदेश वीज मंडळ विरुद्ध शैलकुमारी (२००२) या खटल्यात रस्त्यावर तुटून पडलेल्या वीजवाहिनीमुळे सायकलस्वार दगावला. तेथे कडक दायित्वाचा नियम लागू झाला. मोटार वाहन अधिनियमाच्या कलम १६४ नुसार चालकाचा दोष सिद्ध न करता मृत्यूसाठी ५ लाख व गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख रुपये मागता येतात. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ मध्ये सदोष उत्पादनाबद्दलच्या दायित्वाचे स्वतंत्र प्रकरण आहे. डॉनह्यू यांनी लढून मिळवलेला हक्क त्यात अधिक व्यापक स्वरूपात लिखित झाला आहे.

फौजदारी निष्काळजीपणा

दिवाणी दायित्वासाठी काळजीतील उणीव पुरेशी असते. फौजदारी गुन्ह्यासाठी तिचे प्रमाण बरेच मोठे असावे लागते. जेकब मॅथ्यू विरुद्ध पंजाब राज्य (२००५) या निर्णयानुसार डॉक्टरवर खटला भरण्यासाठी निष्काळजीपणा घोर स्वरूपाचा हवा, आणि कारवाईपूर्वी तपास अधिकाऱ्याने स्वतंत्र व सक्षम वैद्यकीय मत घेतले पाहिजे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ नुसार निष्काळजीपणाने मृत्यूस कारणीभूत होणाऱ्यास पाच वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. वैद्यकीय उपचार करताना मृत्यू झाल्यास नोंदणीकृत डॉक्टरसाठी ही मर्यादा दोन वर्षांची आहे. पूर्वीच्या भारतीय दंड संहितेत कलम ३०४-अ नुसार सर्वांसाठी कमाल शिक्षा दोन वर्षांची होती.

टीका आणि मर्यादा

पूर्वकल्पना, निकटता, वाजवीपणा या शब्दांना निश्चित अर्थ नाही. न्यायाधीश आधी निष्कर्ष ठरवतात आणि मग त्यास ही नावे देतात, अशी टीका अभ्यासकांनी केली आहे. कर्तव्याची कक्षा फार वाढवल्यास डॉक्टर बचावात्मक उपचार करू लागतात, विम्याचा खर्च वाढतो आणि सार्वजनिक संस्थांचा निधी मूळ कामाऐवजी भरपाईत जातो, असा युक्तिवाद एका बाजूने केला जातो. दुसरी बाजू अशी की दायित्वाची भीती नसेल तर तपासणी व दुरुस्ती टाळणे स्वस्त पडते, आणि त्याची किंमत ज्यांचा त्यात काहीच दोष नाही अशांना मोजावी लागते.

दोष सिद्ध करण्यावर आधारलेली ही पद्धतच अपुरी आहे, असेही एक मत आहे. सारखीच इजा झालेल्या दोघांपैकी एकाला दोषी प्रतिवादी सापडला म्हणून भरपाई मिळते आणि दुसऱ्याला मिळत नाही. या विचारातून न्यूझीलंडने १९७४ पासून अपघाती इजेसाठी दोषनिरपेक्ष सार्वजनिक भरपाई योजना लागू केली आणि अशा इजेबद्दल न्यायालयात भरपाई मागण्याचा हक्क बहुतांशी काढून घेतला. भारतात अशी सर्वसमावेशक योजना नाही. त्यामुळे जखमी व्यक्तीला भरपाई मिळेल की नाही, हे अजूनही बऱ्याच अंशी तिच्याबाबत काळजी घेण्यास कोण बांधील होते, या प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून राहते.

हेही पहा

अपकृत्य
नुकसानभरपाई
वैद्यकीय निष्काळजीपणा
प्रातिनिधिक दायित्व
पूर्ण दायित्व
ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९
भोपाळ वायुदुर्घटना